कोल्हापुरी ऑनलाइन विकताना आधी परतीचा खर्च धरा

दुकानात गिऱ्हाईक दोन-तीन जोड पायात घालून बघतं, चार पावलं चालतं आणि मग भावाचं बोलतं. ऑनलाइन बाजारात ते आधी पैसे मोजतं आणि चप्पल नंतर घरी घालून बघतं. ती बसली नाही तर जाण्यायेण्याचं भाडं विक्रेत्याच्या अंगावर पडतं. कोल्हापुरीची ऑनलाइन किंमत ठरवताना सगळ्यात आधी हा खर्च धरायला हवा. बहुतेक जण तो शेवटी धरतात, किंवा पहिल्या महिन्याचा हिशेब हातात आल्यावरच त्यांना तो दिसतो.

एक जोड घेऊन आकडेमोड करू. कातडं, तळ, शिलाई, वेणी आणि कारागिराची मजुरी धरून जोड ६५० रुपयांना पडतो. खोका, लेबल, कागद यांचे ४० रुपये. एकूण ६९०. विक्रीची किंमत ठेवली करासह १,२९९. या किमतीच्या पादत्राणांवर सध्या ५ टक्के जीएसटी आहे, त्याचे ६२ रुपये गेले आणि उरले १,२३७. आता बाजाराची कपात. कमिशन १२ टक्के धरू, म्हणजे १५६ रुपये, दर ऑर्डरचं ठरावीक शुल्क ४०, वाहतूक ११०. हे झाले ३०६. हे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्येक बाजाराचं दरपत्रक वेगळं असतं आणि ते बदलत राहतं, म्हणून तुमच्या विक्रेता खात्यातले आजचे दर घालून हीच बेरीज-वजाबाकी करा. या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तुमची नोंदणी असेल तर तो तुमच्या ६२ रुपयांच्या करातून वळता होतो. म्हणजे हातात आले ९३१ आणि नफा दिसतो २४१ रुपये.

अनेकांचा हिशेब इथेच थांबतो. तो पुढे न्यायला हवा, कारण अजून जाहिरात आणि परती बाकी आहेत.

समजा दहा ऑर्डरी आल्या. शोधात वर दिसण्यासाठी दर ऑर्डरमागे ८० रुपयांची जाहिरात लागली, म्हणजे ८००. दहापैकी तीन जोड माप न बसल्यामुळे परत आले. कमिशन बहुतेक ठिकाणी परत मिळतं, पण जाण्याचं आणि येण्याचं भाडं तुमच्यावर पडतं. प्रत्येकी २३० धरले तर तिन्हींचे ६९०. नवे खोके १२०. तीनपैकी एका जोडाचा तळ घासलेला निघाला आणि तो अर्ध्या मोलात काढावा लागला, तिथे ३२५ गेले. टिकलेल्या सात जोडांचा नफा १,६८७ आणि हा सगळा खर्च १,९३५. दहा ऑर्डरी पाठवून २४८ रुपये तोटा.

टिकलेल्या प्रत्येक जोडामागे दीडशे रुपये सुटायला हवे असतील तर याच परतींसह किंमत साधारण १,५२५ ठेवावी लागते. दुसरा रस्ता असा की किंमत १,२९९ च राहू द्यायची आणि परती तीनवरून एकावर आणायच्या. तेव्हा नऊ जोड टिकतात आणि जाहिरात, भाडं, खोका वजा जाऊन सुमारे १,१०० रुपये हातात राहतात. परत आलेला तो एक जोड खराब निघाला तरी पावणेआठशेच्या आसपास राहतातच. म्हणून मी आधी दुसऱ्या रस्त्यावर पैसे घालीन. पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये कशी मोजायची, ते चित्रासह दाखवा. नुसता सात-आठ नंबर देऊन भागत नाही. रुंद पावलाच्या माणसाने कुठलं माप घ्यावं, नवी चप्पल सुरुवातीला चावते आणि वापराने कातडं सैल होतं, हे स्पष्ट लिहा. कान, पट्टा आणि अंगठा जवळून दिसतील असे फोटो द्या. भिजवू नये, हेही विक्रीआधीच सांगा. काही लोक हे वाचून घेणार नाहीत, पण परत पाठवणारे बहुधा तेच असतात.

भाड्यात बचत खोक्यापासून सुरू होते. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची, ही नेहमीची रीत. ३० बाय २० बाय १२ चा खोका १.४४ किलोचा ठरतो आणि दीड किलोच्या टप्प्यात जातो. कोल्हापुरी चपटी असते. तळाला तळ लावून ३० बाय १२ बाय १० च्या खोक्यात बसली तर वजन ०.७२ किलो निघतं आणि एक किलोचा टप्पा लागतो. चामडं जड असेल तर आधी काट्यावर खरं वजन पाहा.

किमतीत काही पायऱ्या असतात, तिथे पाय घसरतो. मीशोने २०२१ पासून कमिशन घेणं बंद केलं आहे. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच मालावरचं कमिशन काढलं, आणि फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १,००० रुपयांखालच्या मालावरचं. जिथे ही मर्यादा १,००० रुपयांची आहे तिथे ९९९ ला विकलं तर कर वजा जाऊन ९५१ उरतात, आणि १,०९९ ला विकलं तर १२ टक्के कमिशनही जाऊन ९१५. गिऱ्हाईक शंभर रुपये जास्त देतं आणि तुम्हाला छत्तीस कमी मिळतात. या हिशेबाने ९९९ आणि १,१४३ यांच्या मधली किंमत लावण्यात अर्थ नाही. पण साध्या, हलक्या जोडालाच ९९९ परवडतं. त्या आकड्यात बसवण्यासाठी कारागिराची मजुरी कापू नका. हाताने शिवलेल्या चपलेची स्पर्धा रेक्झिनच्या नकलेशी लावली तर तिच्यात कारागीरच हरतो. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. आपला माल त्यात बसत असेल तर ते वर्णनात पहिल्या ओळीत लिहा.

दुसरी पायरी महागड्या जोडांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून करापूर्वी २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. २,५०० चा जोड करासह २,६२५ ला जातो, २,५०१ चा २,९५१ ला. नक्षीकामाचा खास जोड असेल तर एक तर २,६२५ च्या आत राहा, नाही तर सरळ तीन हजारांच्या पुढे जा.

जीएसटी क्रमांक नसला तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारांतून आपल्याच राज्यात माल विकता येतो. त्यासाठी पॅन आणि जीएसटी पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक लागतो. मात्र महाराष्ट्रातल्या अशा विक्रेत्याला बेळगाव किंवा बेंगळुरूची ऑर्डर घेता येत नाही, आणि शुल्कांवरचा १८ टक्के कर खर्चातच धरावा लागतो. नोंदणी असलेल्यांच्या पैशांतून ०.५ टक्के टीसीएस कापला जातो, आयकराचा टीडीएस ०.१ टक्का. दोन्ही पुढे वळते होतात, पण तोवर अडकून राहतात.

सणासुदीच्या सेलला होकार देण्यापूर्वी सवलतीचा भार कोण उचलणार ते वाचा. १,५२५ वर १५ टक्के तुमच्या खिशातून गेले की किंमत १,२९६ होते, म्हणजे तोट्याच्या पहिल्या हिशेबावर तुम्ही परत आलात. सवलत मोठी दिसावी म्हणून कमाल किरकोळ किंमत फुगवून छापणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

दर आठवड्याला हिशेबाचं विवरण उतरवून घ्या आणि प्रत्येक जोडाचं लावलेलं वजन तपासा. खोका काट्यावर आणि टेपसह ठेवून फोटो काढलेला असेल तर जास्त वजन लावल्याची तक्रार टिकते. तिची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून महिनाअखेरची वाट पाहू नका.