चोरून घेतलेली गोळी

त्या वर्षी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, माझी धाकटी बहीण उदगीरकडून माहेरी, बिदर जिल्ह्यातल्या संतपूरला आली होती. तिला चौथा महिना लागला होता. शेतात कोपीपाशी पूजा झाली, भज्जी, आंबील, उंडे पोटभर खाऊन आम्ही दिवेलागणीला घरी आलो. माझ्या खोलीच्या फळीवर एक लहानशी स्टीलची ताटली होती. तिनं ती सहज उचलली, आतली पांढरी भुकटी बोटानं पुसली आणि विचारलं, "दादा, ह्यात खडू कुटलास का रे?" मी ताटली तिच्या हातून काढून घेतली. "पित्ताची पावडर आहे," असं तोंडावर खोटं बोललो.

ती भुकटी फिनास्टेराइडची होती. केस गळू नयेत म्हणून मी ती गोळी वर्षभर चोरून खात होतो, ब्लेडनं कापून, त्याच ताटलीत.

चोविसाव्या वर्षीच माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजू मागे सरकल्या. सत्ताविसाव्या वर्षी टाळू दिसायला लागली. अप्पांचं तसंच, आजोबांचंही तसंच. पण त्यांच्या डोक्यावर पटका होता आणि त्यांची लग्नं विशीतच झालेली. माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा मध्यस्थ आईला म्हणाला, "पोरगं गुणाचं आहे, पण वयानं थोराड दिसतं." दोन ठिकाणांहून नकार आला. त्यानंतर मी टोपीशिवाय फोटो काढून घेणं बंद केलं.

एका मित्रानं गोळीचं नाव सांगितलं. औषधाच्या एका दुकानात ती चिठ्ठी न विचारता मिळाली, तीही पाच मिलिग्रॅमची. आमच्या थोरल्या मामांना लघवी अडते म्हणून डॉक्टरांनी दिलेली तीच गोळी. "चार तुकडे कर, रोज एक घे, स्वस्तात पडतं," मित्र म्हणाला. आमच्या भागात पाट्या कानडीत, घरात बोलणं मराठी, आणि औषधाच्या पट्टीमागची सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये, असंच तिथं लिहिलेलं असतं. मी ती ओळ वाचायची तसदी घेतली नाही.

दिवाळीत सुरू केलेल्या गोळीनं वैशाखापर्यंत काम केलं. गळती थांबली, टाळूवर बारीक लव आली. लग्न झालं. आणि लग्नानंतर मला कळलं की माझ्या शरीराला जवळिकीची इच्छाच उरलेली नाही. इच्छा झाली तरी शरीर साथ देत नव्हतं. डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागायची, बनियन घासला तरी दुखायची. हे सगळं गोळीमुळे असेल, असं एकदाही मनात आलं नाही. केसांची गोळी केसांवर काम करते, एवढीच माझी समजूत. मी त्याला अशक्तपणा समजलो आणि आठवडी बाजारातून ताकदीचं चूर्ण आणलं. एक औषध लपवून घेत होतो, त्यावर दुसरं लपवून घेऊ लागलो.

पावसाळ्यात मन खचत गेलं. तुरीत कोळपं चालू असताना मी बांधावर नुसता बसून राहायचो. जगून काय करायचं, हा विचार तेव्हा आला. आज हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी मनात तो आज असू शकतो. दिवाळीच्या सुमारास एका रात्री बायको अंधारात म्हणाली, "मी पसंत नव्हते, तर तुम्ही आधीच सांगायचं होतं." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फळीवर डब्यामागे लपवलेलं होतं.

शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात मी रांगेत उभा राहिलो. फॉर्म भरून घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, म्हणून मी पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "तुमचं रक्त आज घेता येणार नाही. गोळी बंद करून निदान महिना गेला पाहिजे. हे रक्त गरोदर बाईला चढलं, तर तिच्या पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियाची वाढ बिघडू शकते."

मला ताटली आठवली. बहिणीचं बोट आठवलं.

त्याच दिवशी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिच्या डॉक्टरांनी धीर दिला. अखंड गोळीवर पातळ आवरण असतं, त्यामुळे तिला नुसता हात लागला तर धोका नाही. तुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला मात्र गरोदर बाईनं हात लावायचा नाही. इतक्याशा भुकटीनं काही होण्याची शक्यता फार कमी आहे, तरी सोनोग्राफीत नीट पाहू, असं त्या म्हणाल्या. मृगाच्या पावसात तिला मुलगा झाला, धडधाकट. पण मधले चार महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

शिबिरानंतरच्या आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं आणि तिलाच सोबत घेऊन बिदरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जे समजावलं आणि पुढे मी जे वाचून, विचारून घेतलं, ते इथं मांडतो.

पुरुषाचं टक्कल हा बहुतेक वेळा आनुवंशिक आणि हार्मोनचा खेळ असतो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचा जास्त जोरकस हार्मोन बनतो. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांचे केस दरवेळी आणखी बारीक उगवतात. फिनास्टेराइड हे रूपांतर अडवतं आणि रक्तातला डीएचटी साधारण दोन तृतीयांशांनी उतरवतं. रक्तातला, फक्त डोक्यातला नव्हे. म्हणून हे औषध केसांपुरतं राहत नाही. अमेरिकेत १९९२ साली ते पाच मिलिग्रॅममध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी मंजूर झालं, १९९७ साली एक मिलिग्रॅममध्ये केसांसाठी.

मी कुणाला घाबरवायला बसलेलो नाही. केसांच्या मात्रेच्या मूळ चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांना लैंगिक तक्रारी झाल्या, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना त्रास होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांचा औषध थांबवल्यावर जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो औषध सोडल्यावरही मागे राहिल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ साली माहितीपत्रकात तसं लिहायला लावलं. मनावरच्या परिणामाचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०२४ पासून या गोळीच्या पाकिटात इशाऱ्याचं कार्ड देतात. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. तो किती जणांना होतो, हे ठरलेलं नाही. माझं बांधावरचं बसणं गोळीमुळेच होतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गोळी थांबवल्यावर चार महिन्यांत मन उभारी धरू लागलं, इच्छाही परतली. छातीतली गाठ विरायला त्याहून जास्त दिवस लागले.

आता माझ्यासारख्या पोरांसाठी.

गोळीआधी कारण शोधा. सगळीच गळती वडिलांकडून आलेली नसते. थायरॉइड, रक्तातलं कमी लोह, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतरचा अशक्तपणा, एखादा चट्टा, अशी पुष्कळ कारणं असतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत चार दिवसांत माणसांची, बायकांची, पोरांची टकलं पडली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथं जाऊन तपास केला आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथं फिनास्टेराइड खाऊन काय उपयोग झाला असता?

डॉक्टरांकडे जाताना लाजू नका आणि काही लपवू नका. आधी कधी मन खचलं होतं का, लैंगिक तक्रार आहे का, मूल हवं आहे का, हे सुरुवातीलाच सांगा. पाच मिलिग्रॅमची गोळी घरी कापू नका. घरात गरोदर बाई असेल तर मुळीच नाही. गोळी चालू असताना रक्तदान करू नका. पन्नाशीच्या पुढे प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करायची झाली तर गोळीचं नाव आधी सांगा, कारण तिच्यामुळे आकडा जवळपास निम्म्यावर दिसतो आणि आजार झाकला जाऊ शकतो. ड्युटास्टेराइड त्याच जातीचं, पण जास्त काळ अंगात राहणारं औषध आहे. ते थांबवल्यावरही महिनोन्‌महिने शरीरात असतं, म्हणून ते स्वतःच्या मनानं कधीच घेऊ नका.

डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यानं उलट जास्त केस गळतात, ते पाहून घाबरून सोडू नका. पण छातीत धडधड झाली, चक्कर आली, पाय सुजले तर थांबवा आणि दाखवा. लावल्यावर हात धुवा. ते ओलं असताना तान्ह्या बाळाला डोक्याशी घेऊ नका. अशा स्पर्शानं बाळांच्या अंगावर दाट केस आल्याच्या नोंदी आहेत. आणि फिनास्टेराइड काय, मिनॉक्सिडिल काय, ही दोन्ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात. सोडली की मिळवलेले केस वर्षभरात जातात. माझे गेले.

औषध सुरू केल्यावर तारीख वहीत लिहा. इच्छेत, मनात, छातीत काही बदल वाटला तर तोही तारखेसह लिहा. हे मी केलं असतं तर चूर्णावर पैसे गेले नसते आणि बायकोनं सहा महिने स्वतःला दोष दिला नसता. मरणाचे विचार आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा असेल तर १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो.

दुकानदार बंधूंना एक विनंती. तुमच्या काउंटरवर येऊन हळूच गोळीचं नाव सांगणारा पोरगा कुणाला काही विचारू शकत नाही, म्हणून तर तो हळू बोलतो. त्याला चिठ्ठी मागा.

आणि तू, जो आज कुणाला न सांगता ही गोळी घेतोस, आज रात्री ती पट्टी लपवलेल्या जागेतून बाहेर काढ. घरातल्या एका माणसाच्या हातात दे आणि सांग, मी हे घेतो आहे. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.