न पेटलेला दिवा

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेतील मायामी येथे ईस्टर्न एअर लाइन्सचे विमान उतरणार होते. परंतु पुढील चाक खाली आल्याची खूण दाखविणारा लहानसा दिवा पेटेना. विमान २००० फूट उंचीवर स्वयंचलित यंत्रावर सोपवून सारे वैमानिक त्या दिव्यातच गुंतले. उंची राखणारी योजना नकळत सुटली व विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशारा वाजला, त्याची कोणी दखल घेतली नाही. विमान दलदलीत कोसळले. १७६ जणांपैकी १०१ जण मृत्यू पावले. चाक खाली आलेलेच होते. निकामी झाला होता केवळ दिवा!

मुलांनो, बिघाड एकाने शोधावा. दुसऱ्याने विमान सांभाळावे. वैमानिकांचे हे पहिले कर्तव्य होय.

स्वाध्याय : इशाऱ्याकडे दुर्लक्ष का झाले?