पैसे आले की गेले? बँकेचा मेसेज वाचायला शिकूया



मोबाईल टिंग करून वाजतो, बँकेचा मेसेज येतो. आपण पहिल्यांदा काय बघतो? आकडा. 4000 दिसले की झालं, मेसेज वाचला! पण 4000 आले की गेले हे आकडा सांगत नाही. ते सांगतात दोन इंग्रजी शब्द. एक क्रियापद आणि त्याच्या मागून येणारा एक छोटा शब्द. आजचा आपला धडा या दोन शब्दांचा.

आधी आमच्याच गटात घडलेली गोष्ट सांगते. पापड व्यवसायाचं आमचं वेगळं खातं आहे आणि त्याला कोषाध्यक्ष काकूंचा मोबाईल नंबर जोडलेला आहे. एका महिन्यात एका गिऱ्हाइकाकडून पापडांचे 4000 रुपये यायचे होते. त्याच दिवसांत काकूंच्या मुलीने त्यांच्याच फोनवरून उडीद डाळीचे 4000 रुपये दुकानदाराला पाठवले. मेसेज आला. काकूंनी आकडा बघितला, शेवटी "क्रेडिटेड" हा शब्द बघितला आणि वहीत लिहिलं : जमा 4000.

महिनाअखेरीला पासबुक भरून आणलं, तर वहीपेक्षा खात्यात 8000 रुपये कमी! गेलेले 4000 खर्चाला लिहिले नव्हते, वर न आलेले 4000 जमेला लिहिले होते. म्हणून फरक दुप्पट. पण हे तेव्हा कोणाला कळतंय? बैठकीत कुजबुज सुरू झाली. काकू म्हणाल्या, "माझ्याकडून वही काढून घ्या, मला हे काम नको." पंधरा वर्षं एक रुपया इकडचा तिकडे न केलेली बाई ती. शेवटी आम्ही फोन घेऊन एकेक मेसेज वाचायला बसलो, तेव्हा उलगडा झाला. तो मेसेज असा होता :

"युवर अकाउंट डेबिटेड फॉर रुपीज 4000, (दुकानदाराचं नाव) क्रेडिटेड."

म्हणजे, तुमच्या खात्यातून 4000 गेले, दुकानदाराच्या खात्यात जमा झाले. एकाच मेसेजात दोन्ही शब्द. काकूंनी दुसरा धरला, पहिला सोडला. चूक काकूंच्या मनात नव्हती, वाचण्यात होती. आणि अशी चूक आपल्यातल्या कोणाचीही होऊ शकते.

पहिला शब्द : काम झालं का?

मराठीत आपण म्हणतो "जमा झाले", "मिळाले", "गेले". शब्दाच्या शेवटावरून कळतं की काम होऊन गेलं. इंग्रजीत बऱ्याच क्रियापदांना त्यासाठी शेवटी ई आणि डी ही दोन अक्षरं लागतात.

- डेबिटेड : खात्यातून गेले (लक्षात ठेवायला सोपं : डेबिट म्हणजे दिले)
- क्रेडिटेड : खात्यात जमा झाले
- डिपॉझिटेड : खात्यात भरले
- ट्रान्सफर्ड : एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले
- रिसीव्हड : मिळाले

काही शब्द मात्र वेगळे रूप घेतात. त्यांच्या शेवटी ईडी शोधू नका : पेड (दिले), सेंट (पाठवले), विथड्रॉन (काढले).

आता एक महत्त्वाची गोष्ट. "डेबिटेड"च्या आधी कधी "इज" असतं, कधी "हॅज बीन" असतं, कधी काहीच नसतं. बँकेच्या मेसेजात तिन्हीचा अर्थ एकच : पैसे गेले. पण आधी "विल बी" असेल तर सगळं बदलतं. "विल बी डेबिटेड" म्हणजे पैसे अजून गेलेले नाहीत, जाणार आहेत. शेवटी ईडी आहे म्हणून फसू नका.

हे कुठे उपयोगी पडतं? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे 436 रुपये आपल्यातल्या कितीतरी जणींच्या खात्यातून कापले जातात. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. त्याआधी "विल बी डेबिटेड" असा मेसेज दिसला, तर खात्यात तेवढी शिल्लक आहे का ते बघायला अजून वेळ आहे. शिल्लक नसेल तर हप्ता जाणार नाही आणि विमा बंद पडेल.

दुसरा शब्द : कुठून, कुठे, कितीने?

मराठीत आपण शब्दाच्या मागे प्रत्यय लावतो : खात्यातून, दुकानदाराला, चेकने. इंग्रजीत हेच काम करणारा छोटा शब्द नावाच्या आधी येतो. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना छोटा शब्द आणि त्याच्या पुढचं नाव अशी जोडी धरायची.

फ्रॉम म्हणजे "तून" किंवा "कडून". "डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट" म्हणजे तुमच्या खात्यातून गेले. पण "रिसीव्हड फ्रॉम" आणि पुढे दुसऱ्याचं नाव, म्हणजे त्या माणसाकडून मिळाले. बघा, फ्रॉम दोन्हीकडे आहे, पण एकदा पैसे गेले, एकदा आले. म्हणून नुसता फ्रॉम बघून ठरवू नका. फ्रॉमच्या पुढे नाव कोणाचं, ते बघा.

टू म्हणजे "ला" किंवा "कडे". "सेंट टू", "पेड टू" आणि पुढे दुसऱ्याचं नाव, म्हणजे त्याला दिले. "क्रेडिटेड टू युवर अकाउंट" म्हणजे तुमच्या खात्याला जमा.

बाय म्हणजे आपला "ने". आणि गंमत म्हणजे आपल्या "ने"सारखाच तो दोन कामं करतो. "डेबिटेड बाय रुपीज 500" म्हणजे खातं 500 रुपयांनी कमी झालं. "बाय चेक" म्हणजे चेकने. "बाय"च्या पुढे आकडा असेल तर कितीने, वस्तू असेल तर कशाने.

फॉर चंही तसंच. पुढे आकडा असेल तर "इतक्या रकमेसाठी", पुढे कारण असेल तर "त्या कारणासाठी". कर्जाचा हप्ता किंवा विमा असेल तर टुवर्ड्स हा शब्दही दिसतो. अर्थ : त्यापोटी. "रिसीव्हड टुवर्ड्स युवर लोन" म्हणजे तुम्ही भरलेले पैसे बँकेला कर्जापोटी मिळाले. इथे "रिसीव्हड" आहे, पण मिळाले ते बँकेला, आपल्याला नाही!

ऑन च्या पुढे तारीख येते, ॲट च्या पुढे बहुतेक वेळा जागा, जसं "ॲट एटीएम". काढलेले पैसे कुठल्या दिवशीचे, कुठल्या एटीएमचे हे वहीशी जुळवायला हे दोन शब्द कामाचे.

"मागितले" म्हणजे "पाठवले" नव्हे

"हॅज रिक्वेस्टेड मनी फ्रॉम यू" असं दिसलं तर सावध व्हा. मनी दिसतं, यू दिसतं, ईडीसुद्धा दिसते. पण अर्थ आहे : त्याने तुमच्याकडून पैसे मागितले आहेत. तिथे पिन टाकला तर पैसे तुमचे जातील. एक नियम पाठच करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

दुसरी फसवणूक उलटी असते. "क्रेडिटेड" असा खोटा मेसेज येतो आणि लगेच फोन येतो, "ताई, चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा." मेसेजातली इंग्रजी बरोबर असली तरी मेसेज खोटा असू शकतो. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. आधी खात्यातली शिल्लक बघा, मगच बोला. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आता तुम्ही सांगा : आले, गेले की जाणार?

1. युवर अकाउंट इज क्रेडिटेड बाय रुपीज 1500.
2. रुपीज 2000 विथड्रॉन फ्रॉम युवर अकाउंट ॲट एटीएम.
3. रुपीज 436 विल बी डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट टुवर्ड्स प्रीमियम.
4. रुपीज 700 रिसीव्हड फ्रॉम (गिऱ्हाइकाचं नाव).
5. युवर अकाउंट डेबिटेड फॉर रुपीज 350. (दुकानदाराचं नाव) क्रेडिटेड.

उत्तरं : 1. आले. 2. गेले, एटीएममधून काढले. 3. जाणार, अजून गेले नाहीत. 4. आले. 5. गेले.

पाचवं चुकलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्या काकूंचंही तेच चुकलं होतं. "युवर अकाउंट" या शब्दांच्या जवळ कुठलं क्रियापद आहे, तेवढं बघा. आपल्या खात्याचं काय झालं ते तिथे कळतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फोनमधला बँकेचा एक मेसेज मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा. पिन, ओटीपी मात्र कोणाला दाखवायचा नाही. आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून वहीशी जुळवायचंच. मेसेज वाचता आला तरी शेवटचा पुरावा पासबुकच.

आमच्या काकू अजून कोषाध्यक्षच आहेत. आता मेसेज आला की त्या चष्मा लावून बोट ठेवून वाचतात, "डेबिटेड... फ्रॉम... आपलं," आणि मगच वही उघडतात.