कधी चालते, कधी बंद : गाडीतील विजेचा लपलेला बिघाड कसा शोधावा?

कायमचे बंद पडलेले यंत्र धंद्याला तेवढे नुकसान करीत नाही, जेवढे मधूनमधून बंद पडणारे यंत्र करते. बंद पडलेल्या यंत्राचा दोष समोर असतो. दुरुस्ती होते आणि हिशोब मिटतो. पण मालाची गाडी सकाळी सुरू होत नाही, दुपारी कारागीर आला की पहिल्याच सेल्फला सुरू होते, आणि चार दिवसांनी ऐन माल भरल्यावर पुन्हा 'टक' करून गप्प बसते. अशा वेळी पैसा तर जातोच, माणसावरचा विश्वासही जातो. आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे मालवाहू गाडी आहे, काही जण स्वतः गॅरेजचे काम करतात. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हा विषय घेतला आहे.

एका गाडीची हकीकत

भिवंडीहून ठाणे आणि मुंबईच्या दुकानांना कापड पोहोचविणारी आमची एक छोटी गाडी होती. आठ-पंधरा दिवसांतून एकदा तिची बॅटरी उतरायची. ड्रायव्हर हेडलाईट चालू ठेवून जातो, असा मला शक होता. नवी बॅटरी घेतली आणि तिचे अर्धे पैसे त्याच्या पगारातून कापले. तीन आठवडे गाडी ठीक चालली, मग पुन्हा तेच. आता डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, बदलला. तरीही दोष राहिला आणि एकदा सणाच्या तोंडावर भरलेला माल दारातच राहिला.

ड्रायव्हर मला पहिल्यापासून सांगत होता, "शेठ, खड्ड्यांच्या रस्त्याला लागलो की दिवे कमी-जास्त होतात. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही." मी ते बहाणा समजून सोडून दिले. शेवटी एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने हेच वाक्य त्याच्याकडून दोनदा ऐकून घेतले, मीटर लावले आणि वीस मिनिटांत दोष दाखविला. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती आणि तिचा बोल्ट ढिला होता. पट्टीचा खर्च एका वेळच्या डिझेलपेक्षा कमी आला. कापलेले पैसे मी ड्रायव्हरला परत केले आणि माफीही मागितली. पण बॅटरी आणि डायनॅमोवर गेलेला पैसा कोण परत देणार?

नवी बॅटरी तीन आठवडे का चालली, हे समजून घ्यावे. पट्टी ढिली असल्याने चार्जिंग अपुरे होत होते. नवी बॅटरी भरलेली आली, तिने तो तोटा काही दिवस झाकून ठेवला. म्हणून वस्तू बदलल्यावर चार दिवस बरे वाटणे हा दोष सापडल्याचा पुरावा नव्हे.

आधी विचारा, मग हात लावा

ताग्यात दोष दिसला की आपण लगेच माग उघडीत नाही. आधी कापड पाहतो. दोष उभा धावत असेल तर तो ताण्याचा, आडवा असेल तर बाण्याचा. कापड स्वतःच अर्धे उत्तर देते. गाडीचेही तसेच आहे. एक वही घ्या आणि दर वेळी पुढील गोष्टी लिहा.

१. नेमके काय बंद पडले? एकच वस्तू की अनेक वस्तू एकदम?
२. गाडी थंड होती की तापलेली? पाऊस होता का, गाडी धुतली होती का?
३. खड्डा, वळण, ब्रेक किंवा दरवाजा आपटणे यांच्याशी संबंध होता का?
४. त्या वेळी आणखी काय चालू होते? हेडलाईट, पंखा, वायपर, हॉर्न?
५. ती आपोआप सुरू झाली की काही हलविल्यावर?

फक्त एक दिवा जात असेल तर दोष त्याच्या बल्बच्या सॉकेटमध्ये, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. अनेक वस्तू एकदम जात असतील तर दोष त्यांच्या सामाईक जागी आहे : बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज, इग्निशन स्विच किंवा सामाईक अर्थ. खड्ड्यात जाणारी वस्तू ढिल्या जोडाकडे बोट दाखविते. तापल्यावर बंद होऊन थंड झाल्यावर चालणारी वस्तू रिले, मोटर किंवा तडा गेलेल्या डाकाकडे, आणि पावसात बिघडणारी वस्तू कपलरमध्ये शिरलेल्या पाण्याकडे. इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा लुकलुकत असेल तर बहुधा अर्थ खराब आहे. परतीचा रस्ता बंद झाला की वीज शेजारच्या वाटेने घरी जाते.

मीटर कसे लावावे

साधे डिजिटल मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प एवढी हत्यारे पुरेशी आहेत. पहिले तीन आकडे हे घ्या.

गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट असतील तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी सुरू असताना सामान्यपणे १३.८ ते १४.५ दिसावे. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तेथे हा आकडा बदलता दिसेल.

आता खरी तपासणी. अनेक कारागीर मीटरची 'बीप' वाजवून वायर चांगली आहे असे सांगतात. वायरीच्या पन्नास तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजते. जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम असा की प्रवाहाला अडथळ्याने गुणले की वाया जाणारे व्होल्ट मिळतात. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम एवढाच अडथळा असेल, तरी १.५ व्होल्ट तेथेच खर्च होतात. ०.०१ ओहम साधे मीटर दाखवूच शकत नाही. म्हणून जोड तपासायचा तो भार चालू असताना.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आले तर अर्थ ठीक आहे. आमच्या गाडीत तेथे दोन व्होल्टहून जास्त आले. मग एकेका तुकड्यावर मीटर लावीत गेलो : खांब ते टर्मिनल, टर्मिनल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. शेवटच्या तुकड्यात व्होल्ट सापडले आणि दोषही तेथेच होता. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, बॅटरीपासून सेल्फपर्यंत तपासावी. तेथे सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी.

एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल तर इंजिनचा अर्थ तुटलेला समजा. विजेने त्या केबलमधून वाट काढली आहे.

दोष लपून बसला असेल तर

कारागिरासमोर गाडी शहाण्यासारखी चालते, ही सर्वांची तक्रार आहे. अशा वेळी दोषाला बाहेर येण्यास भाग पाडावे.

हलवून पाहा : वस्तू चालू ठेवून वायरींचा जुडगा वीतभर-वीतभर हलवीत जा आणि मीटरचा आकडा पाहा. जेथे आकडा उडी मारतो तेथे थांबा. दरवाजाच्या बिजागरीजवळ, डिकीच्या झाकणाजवळ, स्टिअरिंगखाली आणि पत्र्याच्या कडेला वायरी आतून तुटतात किंवा घासल्या जातात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही पाहाव्यात.

तापवून, भिजवून पाहा : संशयित रिलेला केस सुकविण्याच्या यंत्राची गरम हवा द्या. कपलरवर फवाऱ्याने थोडे पाणी मारा, संगणकाच्या डब्यावर मात्र नको. रिलेसाठी सोपा उपाय म्हणजे त्याच नंबरचा शेजारचा रिले बदलून लावणे. दोषही त्याबरोबर सरकला तर उत्तर मिळाले.

फ्यूज वारंवार उडत असेल : फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब वायरीने जोडा आणि त्या लाईनवरील वस्तू बंद ठेवा. वायर पत्र्याला टेकली की बल्ब पूर्ण तेजाने पेटेल. मग वायरी हलवीत जा. ज्या जागी बल्ब विझतो किंवा पेटतो, तेथे वायर सोललेली आहे. बल्ब प्रवाहाला मर्यादा घालतो, म्हणून फ्यूज जाळीत बसावे लागत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल : निगेटिव्ह वायर काढून मीटर १० अँपिअरवर त्या वायर आणि खांब यांच्यामध्ये लावा. चावी बंद, दरवाजे बंद, अर्धा तास थांबा. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह चालतो. अर्धा अँपिअर जात असेल तर ४५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. एकेक फ्यूज काढा, ज्याने आकडा पडतो ती लाईन चोर आहे. मीटर असे लावलेले असताना सेल्फ मारू नये.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. अशा गाड्यांत संगणक दोषाचा कोड साठवून ठेवतो. स्कॅनर लावून तो आधी लिहून घ्यावा. बॅटरी काढल्यास अनेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते. कोड मोहल्ला सांगतो, घर आपणच शोधायचे असते. सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदलू नका, आधी त्याचा कपलर, वायर आणि अर्थ पाहा.

हे कधीही करू नका

- फ्यूजच्या जागी तार किंवा मोठा फ्यूज लावू नये. फ्यूज वाचला तर वायर जळते आणि मग गाडी.
- चालू गाडीची बॅटरी काढून डायनॅमो तपासण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. व्होल्टेजच्या झटक्याने संगणक जातो.
- एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि कपलरना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नये.
- बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे.
- बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे.
- नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड म्हणजे पुढच्या बिघाडाचे बी. डाक द्यावा किंवा योग्य लग दाबून बसवावा, वर आवरण चढवावे.

मालक आणि कारागीर यांच्यासाठी

कारागीर बंधूंनी तपासणीची मजुरी वेगळी आणि उघड मागावी. वीस मिनिटांच्या त्या तपासणीमागे वीस वर्षांची मेहनत असते. ती मजुरी मिळत नाही म्हणून वस्तू बदलून नफा काढण्याची सवय लागते आणि गिऱ्हाईक तुटते. मालकांनीही पट्टीची किंमत किती, असे विचारून घासाघीस करू नये. दोष सापडल्याचा पुरावा म्हणून मीटरवरील आधीचा आणि नंतरचा आकडा पाहून घ्यावा.

आणि शेवटची गोष्ट. गाडी रोज जो चालवितो, त्याचे म्हणणे आधी ऐका. मी ते ऐकले असते तर एक बॅटरी, एक डायनॅमो आणि एका गरीब माणसाचे अर्धे मन तुटायचे वाचले असते.

उजळणी : फक्त उजवा इंडिकेटर खड्ड्यात जातो, तर कोठे पाहाल? सेल्फ मारताना बॅटरीवर ११ व्होल्ट आहेत पण सेल्फ नुसता 'टक' करतो, तर पहिले मीटर कोठे लावाल? पहिल्याचे उत्तर त्याच दिव्याचा सॉकेट, वायर आणि अर्थ. दुसऱ्याचे उत्तर बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिन, आणि मग पॉझिटिव्ह खांब ते सेल्फ. दोन्ही उत्तरे न पाहता आली असतील, तर हा धडा तुम्हाला समजला.