ती यादी आपल्यासाठी आहे

पालकहो,

उपासना संपली की चर्चच्या दारात तुमच्यापैकी कुणीतरी मला हमखास गाठतं. "बाई, पोरगा फार तापट झालाय. एक शब्द ऐकून घेत नाही. शब्बाथशाळेत जरा समजवा त्याला." कुणाची तक्रार असते, की थोरली धाकट्याला खाऊतला एक घास देत नाही. तुमची काळजी मला पटते. मुलांनी नुसतं हुशार निघावं एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही, ती मनानं मोठी व्हावीत असं तुम्हाला वाटतं, हे फार मोलाचं आहे. म्हणूनच आज थोडं मोकळेपणानं बोलते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्या मुलांना चांगला परिचयाचा असतो. आत्म्याच्या फळाचं वचन पाठांतराच्या स्पर्धेत दरवर्षी असतंच. सात वर्षांचं पोर हाताची घडी घालून, डोळे छताकडे लावून, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊच्या नऊ गुण एका दमात म्हणतं. मधले तीन म्हणजे सहनशीलता, ममता आणि चांगुलपणा. आपण टाळ्या वाजवतो, बक्षीस देतो. मग घरी मूल जरा हट्टाला पेटलं, की तेच वचन त्याच्या तोंडावर फेकतो. "पाठ केलंस ना? मग कुठे गेली तुझी सहनशीलता?"

पण पौलानं हे पत्र लिहिलं कुणाला? चांगल्या मोठ्या, कळत्या माणसांना. गलतियातल्या मंडळ्यांमध्ये सुंतेवरून आणि नियमशास्त्रावरून वाद पेटला होता. कोण खरा, कोण अर्धवट, यावरून तट पडले होते. असंच एकमेकांना फाडून खात राहिलात तर दोघेही संपाल, असा इशारा पौलानं त्याच अध्यायात दिला आहे. नऊ गुणांच्या आधी त्यानं देहाच्या कर्मांची यादी दिली आहे. तिच्यात मोठमोठ्या पापांच्या पंगतीला वैर, कलह, मत्सर, राग, फूट ही मंडळीही बसली आहेत. हे काही शब्बाथशाळेतल्या पोरांचे दोष नव्हेत. मंडळीच्या वार्षिक सभेत, भाऊबंदकीत, नवरा-बायकोच्या बोलण्यात दिसतात ते हे दोष. नऊ गुणांची ती यादी आपल्यासाठी लिहिली होती. आपण ती मुलांच्या हातात दिली आणि स्वतः परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

पौल जन्मानं शांत होता म्हणून असं लिहू शकला, असंही नाही. स्तेफनाला दगडमार होत होता तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रं याच माणसाच्या पायाशी ठेवली होती. याच पत्रात तो गलतीकरांवर चांगलाच कडाडतो, त्यांना निर्बुद्ध म्हणतो. आणि चौथ्या अध्यायात त्याच माणसांना तो आपली मुलं म्हणतो. ख्रिस्ताचं स्वरूप तुमच्यात तयार होईपर्यंत मला पुन्हा बाळंतवेणा होताहेत, असं सांगतो. त्या काळच्या एका पुरुषानं स्वतःबद्दल असं लिहावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. आईबापांनी तो अध्याय सावकाश वाचावा. मूल एकदा जन्माला घालून आपलं काम संपत नाही.

आता रविवारची सकाळ बघा. उपासना नऊची. साडेआठला एक मोजा सापडत नाही, वेणी अर्धीच घातलेली, दूध उतू गेलेलं, बाबा खाली गाडी सुरू करून हॉर्न देताहेत. "तुझ्यामुळे दर रविवारी उशीर! देवाच्या घरी जायचंय, काही लाज आहे का?" एखादा धपाटाही बसतो. मूल रडतच गाडीवर चढतं. पंधरा मिनिटांनी चर्चच्या पायरीवर पाळकसाहेब भेटतात आणि आपला आवाज एकदम मऊ होतो. "सलाम साहेब, कसे आहात?" ते मूल आपल्या दोघांच्या मध्ये बसतं. त्यानं घरातला आवाजही ऐकलेला असतो आणि पायरीवरचाही. त्यातला कुठला आवाज धर्माचा, हे ते मनाशी ठरवत असतं. त्या दिवशीच्या प्रवचनातलं त्याला काही आठवणार नाही. हे मात्र आठवेल.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. कपडे, बूट, गीतांचं पुस्तक, अर्पणाचे पैसे शनिवारी रात्री काढून ठेवा. तरीही उशीर झालाच तर उशिरा या, पण रडवून आणू नका. सहनशीलतेची सुरुवात अशा क्षुल्लक तयारीनं होते, कारण आपला पुष्कळसा राग घाईतून आलेला असतो.

काही वडील मला छडीचं वचन ऐकवतात. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात ते आहेच, मी नाकारत नाही. मुलांना शिस्त लागते, आणि जो बाप कधीच आडवा येत नाही तो मुलाचं भलं करत नाही. पण इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानं बापांना वेगळं काढून सांगितलंय, की मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांना तर कारणही दिलंय, मुलं खचतील म्हणून. छडीचं वचन पाठ असलेले बाप मला पुष्कळ भेटले, ही वचनं पाठ असलेले फार थोडे. आणि मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बाळांना येशूकडे आणतात तेव्हा तो कुणावर रागावतो? बाळांवर नाही. त्यांना अडवणाऱ्या, मोठ्या माणसांसारखं वागणाऱ्या शिष्यांवर.

वयात आलेल्या मुलांचे आईबाप वेगळ्याच दुःखात असतात. मुलगा कॉलेजात गेला, उपासनेला येईनासा झाला, प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावून बसतो. घरात रोज वाद. अशा आईबापांना मी मोनिकेची गोष्ट सांगते. उत्तर आफ्रिकेतल्या, आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावची ही बाई. तिचा मुलगा ऑगस्टीन सन ३५४ मध्ये जन्मला. एकोणीस-वीस वर्षांचा असताना तो मानी पंथाच्या नादी लागला आणि आईच्या विश्वासाची टिंगल करू लागला. मोनिकेनं काय केलं? त्याला आपल्या पंगतीला बसू देईना. पुढे तिला एक स्वप्न पडलं, त्यातून धीर आला आणि तिनं मुलाला पुन्हा जेवायला जवळ घेतलं. मुलगा काही लगेच बदलला नाही, पुढे कितीतरी वर्षं तसाच होता. पण ताट पुन्हा एकत्र मांडलं गेलं.

ती एका बिशपांकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याला वळवा म्हणून हट्ट धरून बसली. त्यांनी नकार दिला. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते. म्हणाले, त्याला असू दे, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, तू प्रार्थना कर. ३८३ साली ऑगस्टीन आईला चुकवून, खोटं सांगून कार्थेजहून रोमला निघून गेला. ती रात्रभर किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात प्रार्थना करत होती आणि तिकडे जहाज सुटलं होतं. पुढे ती समुद्र ओलांडून मिलानला त्याच्याकडे गेली. ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी मोनिका वारली. हे सगळं ऑगस्टीननं स्वतः लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला माहीत आहे. उपासनेला न येणाऱ्या मुलाच्या आईबापांना मी एवढंच सांगते, की जेवायला एकत्र बसणं थांबवू नका, आणि जेवताना तो विषय काढू नका.

आपल्या नगरकरांना तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, नवऱ्यापासून दूर. टिळक स्वभावानं किती तापट आणि लहरी होते हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त काही न झाकता सांगितलंय. पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत याच माणसानं जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं-ओवळं घेऊनच. कुणाच्या हातचं पाणी चालेना. ते त्यांचं त्यांनी, स्वतःच्या विचारानं सोडलं. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांना आतून उमगलं तेव्हा. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. रागीट माणूससुद्धा प्रेमाच्या जागी थांबू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. "माझा स्वभावच असा आहे हो बाई," असं जे मला सांगतात, त्यांनी 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावं.

लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या गोष्टीवरून मला ममतेबद्दल एक बोलायचं आहे. थोडं झोंबेल, पण बोलते. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना चहा कुठल्या कपात देता? कान तुटलेला, वेगळा ठेवलेला एक कप ख्रिस्ती घरांतूनही असतो. तो ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो आणि मुलाला तो बरोब्बर माहीत असतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा मी रविवारी तासभर शिकवते. तो कप आठवड्याचे उरलेले सहा दिवस शिकवतो. ज्या लक्ष्मीबाईंचं नाव आपण अभिमानानं घेतो, त्यांनी ज्या गोष्टीवर पाणी सोडलं तीच आपण स्टीलच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत पुन्हा आणतो आहोत. मावशींना तुमच्यासारख्याच कपात चहा द्या, शक्य असेल तर बसायला सांगा. रिक्षावाल्याशी, वॉचमनशी, फोनवरच्या बँकेच्या पोराशी कसं बोलता तेही मुलं ऐकत असतात.

आणि चांगुलपणाबद्दल. इथे मला एक धोका दिसतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. "आपण ख्रिस्ती माणसं, आपण सहन करायचं," असं सांगून आपण मुलीला गप्प बसवतो. क्लासला जाताना कुणी छेड काढली, नात्यातल्या कुणी नको तिथे हात लावला, वर्गात कुणी रोज चिडवलं, तर तिनं सहन करायचं? मुळीच नाही. प्रमुख याजकाच्या चौकशीत एका शिपायानं येशूला चपराक मारली. येशूनं उलटून हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर मारतोस का, असा त्यानं सरळ जाब विचारला. योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. हा चांगुलपणा मुलांना शिकवा. राग धरायचा नाही, आणि अन्याय लपवायचाही नाही. मुलगी काही सांगू लागली तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. लोक काय म्हणतील याची चिंता नंतर.

घरातलं जे मूल मुळातच गुणी असतं, त्याच्याकडेही जरा लक्ष असू द्या. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सांगताना आपण धाकट्यापाशीच थांबतो. पण थोरला अंगणात रुसून उभा असतो, आणि बाप मेजवानी सोडून त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. न सांगता अभ्यास करणाऱ्या, न कुरकुरता दळण आणणाऱ्या मुलाला आपण गृहीत धरतो. त्याच्या चांगुलपणात हळूहळू कडवटपणा मुरतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. त्याला जवळ घेऊन, तू करतोस ते मला दिसतं, हे तोंडानं सांगायला हवं.

हे सारं एका महिन्यात जमेल असं मी म्हणत नाही. लूकाच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढे त्याला फळ आलं का, हे येशूनं सांगितलेलं नाही. गोष्ट माळ्याच्या शब्दापाशी थांबते. माळ्यानं झाडाला दम दिला नाही, कामाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

शेवटी कुटुंबप्रार्थनेबद्दल एक विनंती. पुष्कळ घरांत ही प्रार्थना म्हणजे डोळे मिटून दिलेली बोलणी असतात. "हे प्रभू, आमच्या या मुलाला सुबुद्धी दे, त्याचा मोबाइल सुटू दे, त्याला आईबापांचं ऐकायला शिकव." मूल शेजारीच बसलेलं असतं. ही प्रार्थना देवाकडे कमी आणि मुलाकडे जास्त जाते, आणि त्याला प्रार्थनेचाच कंटाळा येऊ लागतो. आज रात्री वेगळं करून बघा. दिवसभरात कुणावर ओरडला असाल तर आधी त्या मुलाची नाव घेऊन माफी मागा. मग सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, स्वतःसाठी सहनशीलता मागा. मुलासाठी काही मागायचं असेल तर आधी त्यालाच विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" तो सांगेल तेवढंच मागा, आपल्या पदरचं काही जोडू नका.