कान कापलेली भुरी परत का आली?

प्रश्न : चऱ्होली बुद्रुकला आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक भुरी कुत्री असते. मागच्या महिन्यात पिंजऱ्याची गाडी तिला घेऊन गेली. वाटलं, सुटलो. पाच-सहा दिवसांनी त्याच गाडीने तिला त्याच फाटकापाशी आणून सोडलं, वर एका कानाचं टोक कापलेलं! कान का कापला? आणि न्यायचीच होती तर परत कशाला आणली?

उत्तर : कापलेला कान हे भुरीचं प्रमाणपत्र आहे. नसबंदी झाली, रेबीजची लस टोचली, हे त्यावरून दुरूनच कळतं. गळ्यातला पट्टा तुटतो, अंगावर लावलेला रंग पहिल्या पावसात जातो, पोटावरचा टाका महिन्याभरात केसांखाली दिसेनासा होतो. कानाची खूण मात्र मरेपर्यंत राहते. ती भूल दिलेली असतानाच करतात. ही खूण नसती तर पुढच्या फेरीत भुरीलाच पुन्हा पकडलं असतं, पुन्हा भूल, पुन्हा पोटावर चिरा, आणि मग डॉक्टरांना कळलं असतं की गर्भाशय आधीच काढलेलं आहे. मुक्या जीवाच्या वाट्याला असा विनाकारण चिरा येणं मला सहन होत नाही, म्हणून त्या छोट्याशा खुणेचं मोल मला फार वाटतं.

शस्त्रक्रियेनंतरची एक कुत्री मी जवळून पाहिली आहे. गोणपाटावर कुशीवर पडलेली, पोटाचे केस भादरलेले, भूल उतरताना अंगभर कापरं. नसबंदी करणाऱ्या संस्थेची एक मुलगी तिच्यावर चादर टाकून शेजारी बसून होती, शुद्ध येईपर्यंत हलली नाही.

आता परत आणण्याचं. कुत्री हद्द राखून राहतात. जिथे खरकटं, तिथे कुत्रं. चऱ्होली 1997 साली पालिकेत आली, नंतर शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, खाणावळी, टपऱ्या वाढल्या. भुरीला कायमची हलवली तर ती जागा आठवड्यात दुसरं कुत्रं धरेल, लस न घेतलेलं, पिल्लं घालणारं. सुमारे दोन महिन्यांचा गर्भकाळ आणि वर्षातून दोनदा वेत, हिशेब तुम्हीच करा. भुरी मात्र आता पिल्लं घालणार नाही आणि परक्या कुत्र्याला आत शिरू देणार नाही.

मारून पाहिलंच होतं आपण. मुंबईत 1832 साली कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. तिथली महापालिका तर 1994 पर्यंत मारतच होती, तरी कुत्री संपली नाहीत. 2001 साली नसबंदीचे नियम आले, 2023 साली ते नव्याने झाले. चिमटे किंवा तार वापरून पकडायचं नाही, जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे त्यात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परत सोडण्याचं तत्त्व मान्य केलं. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांसाठी नोव्हेंबरमध्ये वेगळा आदेश आला. तिथली कुत्री पुन्हा तिथे सोडायची नाहीत.

चावण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. परिसरातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते.

तेव्हा आज संध्याकाळी फाटकापाशी उभे राहा आणि कान बघा. ज्यांचे दोन्ही कान अख्खे असतील, त्यांचे फोटो आणि ठिकाण पालिकेला कळवा. मात्र एखादी पिल्लांना पाजत असेल तर तेही लिहा, म्हणजे तिला इतक्यात कुणी उचलणार नाही.