गणपतीत पाहिलेल्या जमिनीला लगेच हो म्हणू नका

भाद्रपदात महाड तालुक्यातलं आमचं वीर गाव इतकं देखणं दिसतं की शहरातून आलेल्या माणसाला इथे जमीन घ्यावी, घर बांधावं आणि आपल्या हातचं खाऊन राहावं असं वाटलं नाही तरच नवल. भात पोटरीला आलेलं असतं, विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, वहाळ खळाळत असतात. आणि निर्णय होतात ते नेमके याच दिवसांत. माझं सांगणं आहे की वीर, दासगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यातली जमीन दोनदा पाहावी, एकदा वैशाखाच्या शेवटी आणि एकदा आषाढाच्या झडीत. दोन्ही वेळा मनात भरली, तरच पुढचं बोलणं करावं.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आम्ही डोंबिवली सोडून सासऱ्यांच्या जमिनीवर राहायला आलो. भात, कडधान्य, भाजी, दूध, अंडी घरची असावीत, एवढा हेतू होता. त्यातलं बरंचसं साधलं. ते साधताना जे सोसावं लागलं, ते पुढच्याला सोसावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

वैशाखातलं पाणी

महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मार्च सरला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. उतार मोठे, कातळावर मातीचा थर पातळ. पाणी मुरायच्या आत सावित्रीत जातं आणि तिथून बाणकोटच्या खाडीत. आमची विहीर संक्रांतीपर्यंत भरवशाची दिसली. होळीनंतर तिचा तळ दिसू लागला आणि वांगी-मिरचीची रोपं उभी वाळली. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत किती हात पाणी असतं, हा पहिला प्रश्न. तो जमीन विकणाऱ्याला विचारू नका, वाडीतल्या बायकांना विचारा, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. विहीर खाडीच्या अंगाला असेल तर तेव्हाच पाणी चाखून बघा, मचूळ असेल तर कळेल. प्यायला वापरण्याआधी ते तपासूनही घ्या.

छपराचं पाणी वाया घालवू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर नऊ हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. पंधरा-वीस हजार लिटरची झाकलेली टाकी अशा दोन-तीन दिवसांत भरते. चार माणसांना पिण्या-रांधण्याला दिवसाला शंभर लिटर धरले, तर फेब्रुवारीपासून मृगापर्यंतची सोय त्यात होते. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघू द्यावं, मग पाणी टाकीत घ्यावं. गुरांचा हिशेब वेगळा. एकटी दुभती म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पिते, म्हणून आधी पाणी आणि मगच गोठा.

आषाढातली जमीन

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीने महाड शहर बुडवलं. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि तिथे त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून पुराचा अंदाज करता येत नाही. वर घाटात काय पडतं आहे आणि खाडीला भरती कधी आहे, तेही बघावं लागतं. त्याच दिवशी तळिये इथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आला होता.

सखल जागी पुराचं भय आणि डोंगराच्या कुशीत दरडीचं. म्हणून घराची जागा ठरवताना २००५ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, ती खूण जुन्या माणसांकडून दाखवून घ्या. घरामागचा उतार चढून जा. जमिनीला भेगा, कलत चाललेली झाडं, कधी नव्हता तिथे फुटलेला गढूळ पाण्याचा झरा, यातलं काहीही पावसाळ्यात दिसलं तर त्याच दिवशी माणसं आणि गुरं हलवावीत. सकाळपर्यंत थांबू नये.

खाचरंही आषाढातच पाहावीत. शेजारच्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "सूनबाई, बांध फिरायचा तो पावसात. उन्हात सगळेच बांध धड दिसतात." मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बांध आतून पोखरतात. बाहेरून दिसतं ते बोटभर भोक. त्यातून आधी स्वच्छ पाणी झिरपतं, मग गढूळ होतं. गढूळ झालं की आतली माती सुटली असं समजावं. तेव्हाच पेंढ्याचा बोळा चिखलात मळून भोकात ठासला आणि वरून पायाने चेपला, तर बांध वाचतो. नाहीतर रात्रीत खांड पडते आणि वरच्या खाचरातली लावणी खालच्या शेतात जाऊन बसते.

कागद

१९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीवर परतणाऱ्यांची अडचण वेगळी असते. सातबारावर आजोबांच्या काळची दहा-पंधरा नावं, निम्मी मंडळी मुंबईत, काही हयात नाहीत. आधी वारस नोंदी, मग वाटणी आणि मोजणी, आणि त्यानंतरच घराचा पाया. सातबाराच्या इतर हक्कांत कुळाचं नाव किंवा वनाचा शेरा आहे का, ते वाचा. जुने फेरफार काढा. वाट नकाशावर आहे का, तेही पाहा. उन्हाळ्यात सगळीकडून जाता येतं. पेरणी झाली की वाट एखाद्याच्या बांधावरूनच उरते.

पोटाचं गणित

चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण पाच क्विंटल तांदूळ लागतो. शंभर किलो भातातून पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ निघतो, म्हणजे भात पावणेआठ क्विंटल हवं. गुंठ्याला तीस किलो धरलं तर सव्वीस गुंठे लागतात. बियाणं आणि रानडुकरांची नासाडी मोजून तीस-पस्तीस गुंठ्यांची खाचरं असावीत. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा होतो. वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी आणि वरी.

सगळ्यात जड जाते ती लावणी. तरणी माणसं महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईला. ऐन आषाढात मजूर मिळत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा भात तंत्र इथे उपयोगी पडतं. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने टोकणी करायची. नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही. तणाकडे मात्र अगदी सुरुवातीपासून लक्ष हवं. पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांवरच करून बघा.

तेल, मीठ, साखर, चहा, वीजबिल, दवाखाना, मुलांची फी यातलं काही शेतात पिकत नाही. निदान दोन वर्षांचा घरखर्च गाठीला असावा, किंवा घरातल्या एकाची नोकरी चालू राहावी.

वणवा आणि गुरं

वरकसावर लावलेली आमची काजूची कलमं एका दुपारी वणव्यात गेली. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारीपासून डोंगर पेटत राहतात. जानेवारी संपायच्या आत बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा करावा आणि प्रत्येक झाडाचं आळंही साफ ठेवावं. वानरांच्या वाटेवर भाजी लावू नये. तिथे हळद लावावी, तिला ती सहसा हात लावत नाहीत.

भात कापलं की गुरं मोकळी सुटतात, ही गावाची वहिवाट आहे. एकट्याने वाल पेरला तर वई घालूनही तो टिकत नाही. लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पेरला तर राखणही वाटून होते.

स्वस्त जमिनीचा अर्थ

स्वस्त जमिनीची ओढ फक्त इथलीच नाही. बल्गेरियाची लोकसंख्या १९८० च्या दशकाच्या शेवटी नव्वद लाखांच्या आसपास होती, २०२१ च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. तिथल्या ओस खेड्यांत घरं स्वस्त मिळतात म्हणून ब्रिटनसारख्या देशांतून माणसं स्वावलंबी शेती करायला गेली. आपल्याकडेही पोलादपूरच्या आतल्या वाड्यांत जमीन स्वस्त मिळते. दर ऐकून हुरळून जाण्याआधी तिथे किती चुली पेटतात ते मोजा. जमीन स्वस्त असते कारण माणसं उठून गेलेली असतात. माणसं नसली की बांध फुटल्यावर धावून येणारं, वणवा झोडपणारं, रात्री सर्पदंश झाला तर गाडी काढणारं कुणी नसतं. आपल्या मजुरीवर चालणाऱ्या शेतीला सावड लागते, आणि सावड पैशाने मिळत नाही. आपण चार जणांच्या शेतात वाकलो की ते आपल्या शेतात वाकतात.

म्हणून पहिलं वर्ष गावात खोली भाड्याने घ्या. वैशाखात पाणी भरा, आषाढात दुसऱ्याच्या चिखलात लावणीला उभे राहा, कार्तिकात झोडणीला जा, माघात वणवा विझवायला धावा. ज्या वाडीत हे सगळं करून वर्षाअखेर लोक तुम्हाला नावाने हाक मारतील, जमीन त्या वाडीत घ्या.